फोनचा ताप बघणारे बॅटरीमामा

बॅटरीमामांनी कुणाचाही फोन हातात घेतला की ते स्क्रीनकडे कधीच बघायचे नाहीत. आधी फोन उलटा करायचे, मग उजव्या हाताची पालथी बाजू त्याच्या पाठीला लावायचे आणि डोळे बारीक करून क्षणभर थांबायचे. आजारी पोराच्या कपाळावर आई हात ठेवते, अगदी तसंच. समोरचा माणूसही मग आपोआप श्वास रोखून उभा राहायचा. थोड्या वेळाने निकाल लागायचा. "कणकण हाय अंगात." किंवा, "बरा हाय, पण हे कव्हर काढ. मे महिन्यात गोधडी पांघरून फिरवतोस व्हय लेकराला?"

माझ्या फोनवर त्यांनी हात ठेवला तो मी कंपनीत रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी परभणीहून डिप्लोमा करून आलेली ट्रेनी, पुण्याजवळ मोशीत तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. कंपनी निघोज्याजवळ, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. आत मशीनवर फोन न्यायला बंदी होती, म्हणून दाराशी कप्प्याकप्प्यांचा एक रॅक ठेवलेला. आत जाताना फोन तिथे ठेवायचा, जेवायच्या सुट्टीत घ्यायचा. रॅकला लागूनच बॅटरी रूम होती आणि कुणी न सांगता मामांनी त्या रॅकची राखण स्वतःकडे घेतली होती. माझा फोन तपासून ते म्हणाले, "पोरी, रात्रभर उशीखाली ठिवून चार्जिंग करतीस ना?" मी हबकलेच. खोलीवर जाऊन मैत्रिणींना सांगितलं, आमच्या कंपनीत एक अंतर्ज्ञानी माणूस आहे. पुढे सहा महिन्यांनी मामांनी कबूल केलं की हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात आणि आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

मामा मोशीच्या जुन्या गावठाणातले. शिक्षण आठवी, अंगकाठी सडसडीत, शर्टाला ॲसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. कंपनी सुरू झाल्यापासून ते बॅटरी रूममध्ये होते. आमच्याकडे माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट बॅटरीवर चालायच्या. बॅटरी म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी, आत शिसं आणि ॲसिड. तिला वेळेवर चार्जिंगला लावा, चार्जिंग झालं की निवू द्या, एकेका खान्याचं झाकण उघडून डिस्टिल्ड पाणी घाला, असं बाळंतिणीसारखं तिचं सगळं करावं लागायचं. मामा ते अशा मायेने करायचे की खुद्द मामी एकदा मला म्हणाल्या, "माझी दोन बाळंतपणं झाली, एवढी विचारपूस माझी न्हाई केली ह्यांनी."

त्यांचा एक कायदा होता. "पोट रिकामं झाल्याबिगर पान वाढायचं न्हाई, आन् वाढल्यावर अर्ध्यातनं उठवायचं न्हाई." शिशाच्या बॅटरीला हा कायदा चोख लागू पडतो. तिला येता-जाता थोडं थोडं चार्ज केलं की तिचं आयुष्य घटतं. घोटाळा इतकाच झाला की मामांनी तो फोनलाही लावला, आणि वर थोडा कडक करून. फोर्कलिफ्टच्या बॅटरीत पाचवा हिस्सा शिल्लक असतानाच ते गाडी बोलावून घ्यायचे. फोनला मात्र तीही सवलत नाही. "फोनला काय टनभर माल उचलायचाय? मरू दे पुरता, मंग लाव." मामांसारखा बॅटरीतला माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? दुपारच्या सुट्टीत आमची निम्मी शिफ्ट बंद पडलेले फोन खिशात घालून हिंडायची आणि त्याला शिस्त म्हणायची.

त्या शिस्तीचा कळस सलीमभाईंनी गाठला. सलीमभाई फोर्कलिफ्ट चालवायचे, राहायला चिखलीला, मामांचे पट्टशिष्य. एके दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळेला त्यांचा मेहुणा टेम्पोतून फ्रीज घेऊन येणार होता आणि मोशीच्या चौकात पोहोचल्यावर त्याला पुढचा रस्ता फोनवर सांगायचा होता. सुट्टीत सलीमभाईंचा फोन चार टक्क्यांवर आलेला. मी म्हटलं, लावा की चार्जिंगला. "नाही मॅडम, चार टक्के पोटात आहेत अजून. मामा काय म्हणतील?" फोन गेला. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून घरी जाताना सलीमभाईंनी मला कोपराने ढोसलं. चौकात भर गर्दीत एक फ्रीज उभा होता आणि त्याला टेकून एक माणूस वडापाव खात होता. "बघा मॅडम, काय दिवस आलेत. लोकांचे फ्रीज रस्त्यावर." बस पुढच्या सिग्नलला जाऊन थांबली, तेव्हा कुठे सलीमभाईंनी किंकाळी फोडली.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा व्हायची. त्या वर्षी मामांनी फोनचीही करायची ठरवली. "ज्याच्यावर पोट चालतंय ते हत्यार. आज निम्मं पोट फोनवर चालतंय का न्हाई?" बिनतोड मुद्दा. बॅटरी रूममध्ये पाटावर बावीस फोन गोल मांडले गेले. मामांनी त्यांच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला, नारळ फोडला, आणि हात कधीच आखडता नसल्यामुळे सगळं मूठ-मूठ वाहिलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बावीसच्या बावीस फोन मढ्यासारखे गार. चार्जर लावला तरी काही नाही. मामांनी एकेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि दुःखी चेहऱ्याने जाहीर केलं, "म्हातारपण. सगळ्या ब्याटऱ्या एकदम गेल्या." बावीस बॅटऱ्या एकाच मुहूर्तावर म्हाताऱ्या कशा होतील, हे माझ्या डिप्लोमाला पटेना. मी दात कोरायची काडी घेतली आणि एका फोनच्या चार्जिंगच्या भोकात फिरवली. आतून चिमूटभर कुंकू पडलं. दुसऱ्यातून हळद. सलीमभाईंच्या फोनमधून अर्धा तांदूळ निघाला. मामांनी तो तांदूळ तळहातावर घेतला. मग पिंपावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "देव पावला गं पोरी. पण जरा लईच आतपत्तूर पावला."

अशा हसण्याखेळण्यात दोन वर्षं गेली आणि मग लिथियम आलं.

कंपनीने नव्या फोर्कलिफ्ट घ्यायचं ठरवलं. त्यांची बॅटरी फोनमध्ये असते त्याच जातीची, फक्त दांडगी. तिला पाणी लागत नाही, निवत ठेवावं लागत नाही, जेवायच्या सुट्टीत अर्धा तास लावली तरी चालते. म्हणजे बॅटरी रूमची गरजच संपली. नव्या चार्जिंग पॉइंटवर एकच माणूस लागणार होता आणि त्याने पुरवठादाराच्या ट्रेनरकडे तोंडी परीक्षा पास व्हायची होती. मामा पास झाले तर तिथे, नाही तर कंपनीच्या बागेत. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. त्या दिवशी मामा कधी नव्हे ते डबा न उघडता माझ्यासमोर बसून राहिले. "बागेला मी नाव न्हाई ठिवत पोरी. पण गावात मला समदी बॅटरीमामा म्हनत्यात. माझं खरं नाव पोस्टमनला बी ठाव न्हाई. बॅटरीच गेली तर मी कोण?" मग स्वतःच म्हणाले, "मला शिकव. पण मास्तरणीवानी न्हाई, माणसावानी."

माणसासारखं शिकवायचं म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी कॅन्टीनच्या टेबलावर बॅटरीच्या दोन बाजू काढल्या आणि सांगितलं की लिथियमचे कण चार्ज होताना या बाजूकडून त्या बाजूला जातात आणि वापरताना परत येतात. दर फेरीत थोडे तिकडच्या पापुद्र्यात अडकतात, परत येत नाहीत. मामांनी माझ्या हातातलं पेन धरलं. "थांब. म्हंजे आपली कंपनीची बस. सकाळी माणसं भरून मोशीवरनं निघोज्याला, संध्याकाळी परत. पण कुणी तिकडंच खोली घेतो, कुणाचं लगीन तिकडं जमतं. रोज एखादा कमी. बस तीच, रस्ता तोच, पण माणसं आटत्यात. ब्याटरी मरत न्हाई पोरी, तिची माणसं कमी हुत्यात." आमच्या कॉलेजच्या सरांनी यावर दोन तास घेतले होते आणि वर्गातल्या एकालाही काही कळलं नव्हतं.

एकदा बस मिळाल्यावर मामांना कुणी धरू शकलं नाही. शंभर टक्क्यांवर तासन्‌तास ठेवलेला फोन म्हणजे दारात लोंबकळणारी माणसं, त्याने बस खिळखिळी होते. शून्यावर पडून राहिलेला फोन म्हणजे डेपोत गंजणारी रिकामी बस. आणि ऊन? "उन्हात माणसं लई लवकर गळत्यात." म्हणून वीसच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ऐंशीच्या वर फार बसवायचं नाही, आणि अधेमधे थोडं थोडं चार्ज केलं तर बिघडत काहीच नाही. हे शेवटचं ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे इतकी वर्षं मी लोकांस्नी उगाच उपाशी मारलं?" ते तसेच उठून सलीमभाईंकडे गेले. "फ्रीजचं पाप माझं बाबा." सलीमभाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "मामा, त्या फ्रीजपासून मेहुणा रुसलाय. दोन वर्षं घरी मुक्कामाला आला नाही. मी तर दुआ देतो तुम्हाला!"

आता एक गोष्ट सांगायची राहिलीच. जगाच्या फोनचा ताप बघणाऱ्या मामांचा स्वतःचा फोन सहा वर्षांचा होता आणि त्याची बॅटरी फुगून पाठीचं झाकण वर आलं होतं. त्याला त्यांनी दोन रबरबँड लावले होते. टेबलावर ठेवला की तो भोवऱ्यासारखा गिरकी घ्यायचा. मी रोज ओरडायचे, मामा, हे धोक्याचं आहे, बदला. "परीक्षा झाली की बदलतो." अहो, पण तुम्हीच सगळ्यांना सांगता ना? "डाक्टर सोताला तपासत न्हाई." एकदा फारच मागे लागले, तेव्हा ते फोन खिशात घालत हळूच म्हणाले, "तिच्यात अजून हायती थोडी माणसं. एवढ्यात गाव उठवायचं म्हंजे..." ते फक्त फोनबद्दल बोलत नव्हते हे मला कळलं, म्हणून मी गप्प बसले. तेव्हा गप्प बसायला नको होतं.

परीक्षेला ट्रेनर आला तो पंचविशीतला हिंदी बोलणारा मुलगा. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, कपाळाला बुक्का. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी जी बस सोडली ती थांबेना. "साहब, समझो ये मोशी है और ये निघोजे..." ट्रेनर आधी गोंधळला, मग हसला, मग चक्क वहीत लिहून घ्यायला लागला. आम्ही मागे बसून एकमेकांना कोपरं मारत होतो. यशाची जी नशा माणसाला चढते, ती मामांना चढली. ट्रेनरने विचारलं, बॅटरी खराब झाल्याची शेवटची खूण काय? मामांनी ऐटीत स्वतःचा फोन काढला, रबरबँड सोडले, फोन टेबलावर ठेवला आणि त्याला एक टिचकी मारली. "देखो साहब, ऐसी गिरकी मारता है!"

ट्रेनर खुर्चीसकट मागे गेला. "सब बाहर! बाहर निकलो!" खोली रिकामी झाली. सेफ्टीवाले धावत आले, त्यांनी फोन चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत पुरला आणि बादली मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवली. चाळीस माणसं लांबून गोल करून उभी. सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत बादलीतून घंटी वाजायला लागली. मामींचा फोन होता. मामा पुढे जायला बघायचे, सेफ्टीवाले त्यांना मागे ओढायचे. "अवं, तिचा फोन उचलला न्हाई तर ह्याच्यापेक्षा मोठा स्फोट हुईल!" आम्ही हसून हसून खाली बसलो. एकटा ट्रेनर हसत नव्हता. तो मामांना म्हणाला, "जो आदमी ये जेब में लेकर घूमता है, उसके हाथ में मैं इतनी बड़ी बैटरी कैसे दूँ?"

आमचं हसू जागच्या जागी थिजलं. सलीमभाई हातापाया पडायला लागले, मी काहीतरी इंग्रजीत बोलून गेले. मामांनी आम्हा दोघांना हाताने थांबवलं. "बराबर है साहब. फेल लिखो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लोकांच्या फोनला हात लावून ताप बघितला पोरी, खिशातला न्हाई बघितला." त्यांचा आवाज अगदी साधा होता आणि म्हणूनच मला तो ऐकवला नाही. ट्रेनरने बराच वेळ पेन हातात धरलं. शेवटी त्याने काहीच लिहिलं नाही. आठवड्याने परत येतो म्हणाला, तोवर बॅटरी बदला.

सेफ्टीवाल्यांनी फोन परत दिला त्याच संध्याकाळी मी, मामा आणि सलीमभाई चिखलीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने जपून जुनी बॅटरी काढली, नवी बसवली, झाकण सपाट बसलं. मामांनी फोन काचेच्या काउंटरवर ठेवला, टिचकी मारली. तो हलला नाही. "बघ, कसा शान्यावानी पडलाय," ते म्हणाले. पुढच्या आठवडाभरात त्यांनी रॅकवरचा प्रत्येक फोन टेबलावर फिरवून बघितला आणि आणखी पाच जणांना दमदाटी करून चिखलीला पाठवलं. ट्रेनर परत आला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, बैटरी कब बदलनी चाहिए? मामा म्हणाले, "गिरकी मारने के पहले, साहब." पास! सलीमभाईंनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले आणि मी तर कंपनीत पहिल्यांदाच शिट्टी मारली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मामांना नवा चार्जिंग पॉइंट मिळाला आणि आमच्या लक्षात आलं की तिथे कामच नाही. पांढऱ्या रेघा मारलेली चकाचक जागा. ड्रायव्हर स्वतःच गाडी लावायचा, स्वतःच काढायचा, सगळं स्क्रीनवर दिसायचं. मामा खुर्चीवर बसून असायचे. मधूनच उठून बॅटरीला पालथा हात लावायचे. ती कायम गार. दोन महिन्यांनी ते माझ्याकडे आले. "पोरी, ही लई गुणाची हाय. पाणी मागत न्हाई, रुसत न्हाई, तापत बी न्हाई. हिला माझं काय बी नगं. मी उगाच हिच्या दारात बसलोय. मी बाग मागून घेतो."

मी चिडले. खरंच चिडले. एवढी घोकंपट्टी, एवढी बस, ती वाळूची बादली, सगळं त्या खुर्चीसाठीच होतं ना? "आणि नावाचं काय मामा? बॅटरीच गेली तर मी कोण, म्हणाला होता ना?" मामा हसले. "नाव लोकांच्या तोंडात ऱ्हाईल न्हाईतर जाईल. दिवस मला काढायचाय. तिथं झाडं पाणी तरी मागत्यात." प्लांट मॅनेजरने त्यांना तीनदा विचारलं, नक्की ना? मामा तिन्ही वेळा व्हय म्हणाले. निवृत्तीपर्यंतची पुढची अडीच वर्षं ते बागेत होते. कॅन्टीनमागच्या दगडगोट्यात त्यांनी कढीपत्ता लावला, लिंबू लावलं, शेवगा लावला. आमच्या सांबारात शेंगा यायला लागल्या. ते मला शेवग्याचा पाला बांधून द्यायचे आणि मी तो घेताना जरा घुश्शातच असायचे, कारण माझ्या मनात ते अजून हरलेलेच होते.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. मी आता मेंटेनन्सची इन्चार्ज आहे, त्यामुळे निरोप समारंभाचं भाषण मॅनेजरसाहेबांना मीच लिहून दिलं होतं. मला मामांना त्यांचं नाव परत द्यायचं होतं. म्हणून पहिल्याच ओळीत मी लिहिलं, "आपल्या बॅटरी विभागाचे आधारस्तंभ." साहेबांनी ते वाचलं आणि टाळ्या पडणार, एवढ्यात हार घातलेले मामा खुर्चीवरून उठले. "साहेब, चुकलं तिथं. मी बागंतला माणूस." ते इतक्या ताठ मानेने म्हणाले की सगळं कॅन्टीन हसायला लागलं आणि सलीमभाईंनी टेबल बडवलं. माझ्या डोळ्यांतून मात्र सरळ पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही. साहेबांनी खिशातून पेन काढलं, माझी ओळ खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.